काळी चार

बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात गिऱ्हाईक कमी,
विकून पस्तावलेले जास्त.
बाकावर तिघं मावतात.
चौथा आला तर तेलाच्या डब्यावर.
मी पेट्या दुरुस्त करतो. भाता, सूर, खटके.
बाकीचं माझ्याकडे होत नाही,
तरी ते इथंच येऊन उघडून बसतात.

फकिरा गेडाम आधी गिटारीचं काढतो.
बल्लारशाच्या एका इंजिन ड्रायव्हरकडून घेतलेली,
पोटावर पोपट रंगवलेला, एक खुंटी मोडकी,
तिथं यानं सायकलचा स्पोक वाकवून बसवलेला.
मंडईच्या नाटकात पडदा तिच्यावर उघडायचा.
"सासरा म्हने, पोरगी देतो,
पन थे डबडं घरात नोको.
इकलो नं जी. बाराशेत.
बायको चांगली निंगाली, खोटं कायले बोलू,
पन अजून झोपेत बोटं तारा धुंडतेत."

एकदा तो हे सांगत असताना
बायको वांग्यांची पिशवी घेऊन दारात उभी.
म्हणाली, "मले आवडे तिचा आवाज.
मले कोनी इचारलं?"
त्या दिवशी चहा कुणी संपवला नाही.

गफूरभाईंनी क्लॅरनेट कितीला दिली
ते आजवर सांगितलेलं नाही.
नाव निघालं की ओठ ओले करतात, एवढंच.

आणि जैराम लांजेवार.
त्याची पेटी वडशाच्या नाटक कंपनीनं नेली,
कंपनी मोडली, पेटी कुठं गेली पत्ता नाही.
"सरावन लागला का काळी चार फसे.
दाबली का दबूनच राहे, वरते नाई ये.
मी गाता गाता बोटानं उचलो तिले,
झोपलेल्या लेकराची मान उशीवर घेवा, तसी.
दुरुस्त कायले करू?
तेवढंच तं माहं होतं तिच्यात."

मागल्या महिन्यात मूलहून एक मुलगी आली,
प्रणोती. बापाच्या स्कूटरवर,
सतरंजीत गुंडाळलेली पेटी मांडीवर धरून.
वरून नवा सनमायका, नवी कडी.
"काका, एक पट्टी अडकते.
परीक्षेला तीनच आठवडे राहिलेत."

मी पट्ट्या उचलल्या.
खाली लाकडावर पेन्सिलीनं माझंच अक्षर,
तेव्हा बरं होतं:
जै. लां. भाता बदलला. पोळा, शहाऐंशी.

पेटी पोत्यानं झाकून ठेवली.
बाजार मधेच पडला.
जैराम आला, बाक भरलेला,
डबाही गेलेला,
तो त्या पोत्याला कोपर टेकून उभा राहिला
आणि पुन्हा सांगू लागला, सरावन, काळी चार, उशी.
त्याचं कोपर आणि ती पट्टी,
मधे एक पोतं आणि सनमायका.

सांगायला तोंड उघडलं मी. तंबाखू टाकली.
सांगून काय झालं असतं?
पोरीपुढं हात पसरला असता त्यानं?
की एकदा बोटानं उचलून
परत ठेवली असती, तशीच, अडकलेली,
आणि मला म्हणाला असता, हिले हात नोको लावू?

रात्री पट्टी काढली.
बारीक पॉलिश पेपर, चार हात, जास्त नाही.
दाबली. वर आली.
पुन्हा दाबली, वर आली.
आता ती कुणाचीही पेटी.

जुन्या ओळीखाली तारीख घातली,
काय केलं ते लिहिलं नाही.
कागदावर चिमूटभर भुसा उरला होता.
फुंकणार होतो,
स्क्रूच्या डबीत पडला.

पोरगी पैसे देऊन गेली.
जाताना काळी चार तीनदा वाजवून बघितली तिनं,
हसली.

पुढच्या बाजारी झड लागलेली.
लोक कमी, जैराम एकटाच बाकावर,
धोतराचा सोगा पिळत.
"आता फसत असन गा थे,
जेथी असन तेथी."

मी कानस पुसत होतो.
"फसत असन," म्हटलं.