मोडीच्या भावात

जांभळी नाक्याच्या गल्लीत
घेवरचंदकडे शनिवारी मूस पेटते.
म्हणून मी शुक्रवारी जातो, दिवेलागणीला.
तो पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवतो:
पैंजणांचे तुकडे, बूड गेलेली अत्तरदाणी,
करदोट्याच्या कड्या, कुणाच्या बारशाचं बोंडलं,
आणि तळाशी, असलाच तर, चमचा.

तागडीत टाकतो. घडणावळ शून्य.
"काका, याच पैशांत नवं नाणं घ्या,
लक्ष्मीचं, सीलबंद."
मी मान हलवतो. तो हसतो.
अकरा वर्षं आमचं हे असंच चाललंय.

चांदी मला थोडीफार कळते.
बत्तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये प्लेटिंगला होतो.
हॉटेलांचे चमचे यायचे, पोतीच्या पोती,
जर्मन सिल्व्हरचे, जिच्यात चांदी औषधालाही नसते.
आम्ही वर वीस मायक्रॉन चढवायचो.
टाकीतून निघायचे दह्यासारखे पांढरे,
मग बफिंगवर, चेहरा दिसेपर्यंत.
कुणाचाही चेहरा. उलटा.

आता आतपर्यंत चांदी असलेलेच घेतो.
त्रेचाळीस झाले.
मोहरीचा एक, करंगळीच्या पेराएवढा,
आंबून काळा पडू नये म्हणून पोटात सोन्याचा मुलामा.
साखरेचा चिमटा, टोकांना पक्ष्याचे पंजे.
माशाचा काटा, दोन दाते गेलेले.
मासा खाताना दाते जात नाहीत,
त्यानं कुणीतरी काहीतरी उचकटलंय.
सगळे मांजरपाटात गुंडाळून डब्यात,
सोबत खडूचा तुकडा. खडू ओल पितो.

गेल्या महिन्यात सूपचा मिळाला.
पाठीवर चालणारा सिंह,
दांड्यावर एकमेकांत गुंतलेली दोन अक्षरं,
एक आर असावं, दुसरं बोटांनी पुसून नेलेलं.
"कुणी आणला?"
"मोडीला नाव नाही विचारत, काका."

घरी येऊन रिठ्याच्या पाण्यात टाकला.
चिंच नको, रांगोळी तर नकोच.
पुसताना अंगठ्याला लागलं: टोक तिरकं.
चमचा झिजतो, बशीच्या तळाला घासून घासून.
उजव्या हाताने खाणाऱ्याचा डावीकडून झिजतो.
माझे झिजलेले होते, ते सगळे तसेच.
हा उजवीकडून.

सूतभर धातू गेलाय. गंमत नाही ती.
वीस मायक्रॉन हॉटेलात चार-पाच वर्षांत उडतात,
हे आयुष्यभराचं काम आहे.
कुणीतरी दुधाचे दात पडण्याआधीपासून
दात पुन्हा पडेपर्यंत
डाव्या हाताने जेवलं,
आणि त्या टेबलावर कुणी काही बोललं नाही.

हेमांगी डावखुरी होती.
चौथ्या वर्षापर्यंत.
पाटावर बसली की तिचा डावा हात
मी माझ्या मांडीखाली धरून ठेवायचो.
मारलं नाही. हे मी नेहमी सांगतो,
कुणी विचारलेलं नसलं तरी: मारलं नाही.
घास सांडायचा. मी भरून द्यायचो परत वाटी.
सहा महिने लागले.
प्लेटिंगला तर पंचवीस मिनिटं लागतात.

रविवारी ऐरोलीहून आली होती, एकटीच.
बासुंदी काढली तिच्यासाठी,
आणि तो चमचा ठेवला
वाटीच्या डाव्या बाजूला.
म्हटलं, बोलायचं काही नाही. बघू.
तिने उचलला, फोनवर काहीतरी वाचत,
उजव्या हातात घेतला,
दोन घास खाल्ले.
"बाबा, हा कुठून आणलात? टोचतोय ओठाला."
मी स्टीलचा दिला.

नंतर ओट्याशी उभी राहिली,
नको म्हणत होतो तरी.
मी मागे टॉवेल घेऊन.
पाण्याखाली धरलेला चमचा उजव्या हातात,
काथ्या डाव्या,
आणि तो हात असा सराईत फिरत होता
जसं त्याला कधी कुणी धरलंच नव्हतं.