एकेचाळीस सेकंद

स्टेडियमच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांना पाठ लावून आमची व्हॅन.
आत मी, थर्मासमधली दुपारची कॉफी,
बटणांच्या बत्तीस रांगा
आणि कानात दिग्दर्शक ओयार्सून:
"कॅमेरा दोन, कुणी रडताना दिसतंय का बघ."

वालपाराइसोच्या टेकड्यांवर दिवे लागले होते,
एक टेकडी सोडून.
लास ब्रेबास. तीन आठवड्यांपूर्वी एका रात्रीत गेली,
पत्र्याची, फळ्यांची, निळी, पिवळी, चारशे घरं.
आज तिच्यासाठी पहाटेपर्यंत गायचं होतं.
पडद्याच्या तळाशी देणगीचा आकडा पळत होता
टॅक्सीच्या मीटरसारखा,
फक्त हा वाढला की सगळे खूश.

उजव्या कोपऱ्यात, साबणाच्या कंपनीच्या चिन्हाला खेटून
एक बशीएवढं वर्तुळ.
त्यात नेलिदा वेन्चुआल, काळा सदरा, केस घट्ट बांधलेले,
हातांनी गाणी सांगणारी.
ती मंचाजवळही नव्हती.
आमच्या शेजारच्या कंटेनरमध्ये, हिरव्या कापडापुढे,
पायात घरातल्या सपाता
(वर्तुळात पाय येत नाहीत).
सकाळी मी विचारलं होतं, नुसती बासरी वाजते तेव्हा काय करतेस?
म्हणाली, बासरी कुठे निघालीय ते सांगते.
मी हसलो.
आवाजाचा माणूस मी. तीस वर्षांचा.

दहा वाजून सतरा मिनिटं.
मंचावर दोन्मितिलो, लास ब्रेबासचाच म्हातारा,
अंगठ्याला अजून पट्टी, गिटार कुणाची तरी मागून आणलेली.
दुसऱ्या कडव्याला
एम्पनाडा विकणाऱ्या पोराने शेगडीसाठी
जी तार उपटली ती माझी होती.

टेबल काळं. देशभर आवाज गेला.
"जाहिरात! जाहिरात टाक!"
पण जाहिरातीलाही आवाज लागतो, ओयार्सून.
म्हातारा पडद्यावर नुसता तोंड हलवत होता,
गरम बटाटा खाल्ल्यासारखा.
मी गुडघ्यांवर, टॉर्च दातांत, तारांच्या गुंत्यात,
आणि मान वळली तर समोर तो एक छोटा मॉनिटर.

तिच्याही कानात शांतताच असणार.
एका हाताने तिने हेडफोन ओढून काढला,
दुसरा थांबला नाही.
मग जराशी कलली, वर्तुळातून अर्धी बाहेर गेली, परत आली.
सपातेने दार ढकललं होतं, हे मला नंतर कळलं.
मैदानातले भोंगे चालूच होते की!
ती दारातून येणारं गाणं उचलत होती
आणि आत आणून ठेवत होती.

दोन्ही तळवे सावकाश वर नेले तिने,
झोपलेल्या पोराच्या अंगावरची गोधडी
ताप उतरलाय का बघायला उचलतात तसे.
बघितलं.
आणि गोधडी परत खाली सोडली.

कुठल्या शब्दाला हे, मला माहीत नाही.
तार जोडली तेव्हा गाणं एका शब्दाच्या मधूनच सुरू झालं.
एकेचाळीस सेकंद.
तेवढ्यात आकडा पळाला की अडला, यावर ऑफिसात अजून वाद आहे.
मी पाहिलं नाही.

तक्रारी दोन हजारांवर आल्या.
आणि एक चिठ्ठी, शाळेच्या व्यायामशाळेतून,
जिथे टेकडीवरची माणसं गाद्या टाकून राहतात.
आन्सेल्मो, वय अकरा, जन्मापासून बहिरा:
"आवाज गेला होता म्हणे. शेजारचे काका टीव्हीला थापट्या मारत होते,
म्हणून समजलं.
आमचं काही अडलं नाही. आजोबा छान गातात.
ते वर्तुळ मोठं करता येईल का?
बाई लिंबाएवढ्या दिसतात."

चिठ्ठी ओयार्सूनकडे नेली. त्याने दोनदा वाचली.
चष्मा पुसला. म्हणाला,
साबणाची जागा करारात आहे, सेंटिमीटरमध्ये.

पण त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं.
म्हातारा निघताना व्हॅनपाशी आला,
गिटार कुणाची ते विचारत.
मग पायरीवर एक हात ठेवून म्हणाला,
"नीट ऐकू गेलं ना सगळ्यांना?"

हो म्हणालो.