कडेवरचं नाव

नोव्हेंबरात, बाजाराचा वार नसताना,
बेतूलहून पहिल्या बसनं कुंकळ्ळीला आला धाकू पागी.
माझ्या काट्याजवळ त्यानं हातरुमाल सोडला.
तीन पदकं. मासळीचा नव्हे,
ब्रासोचा वास.

मला वाटलं, विकायला.
सवयीनं कसोटीचा दगड पुढे ओढला,
तर म्हणाला, "शेट, वजन नको. एक अक्षर चुकलां."

दोन गिलटाची. तिसरं चांदीचं, पाच कोनांचं,
निळ्या फितीत मधोमध पांढरी रेघ,
बोटीमागे पाण्यात राहते तशी.
भिंग लावून कड फिरवली:
नंबर, स्टोकर, आणि मग
धाकू पाजी.

मी हसू गिळलं. तोच हसला आधी.
"बायको जन्मभर म्हणायची,
सरकारनं तुला बरोब्बर ओळखलं."

एकाहत्तरचा डिसेंबर. इंजिनखोलीत वाफेचा नळ फुटला,
दिवे गेले. लाल चाक उजवीकडे फिरवायचं होतं,
आदल्याच आठवड्यात रंगवलेलं, म्हणून चिकटून बसलेलं.
साडेअकरा फेरे. त्यानं मोजले.
"धीट कसला, शेट. जवळ होतो, इतकंच."

सांगताना तळहात माझ्या दिव्याखाली धरले.
ज्योतिषाचा धंदा बुडावा असे,
लाटांनी घासलेल्या शिंपीसारखे सपाट.
काल बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी
दहाही बोटं यंत्रावर ठेवून झाली.
यंत्र म्हणालं, असा माणूस नाही.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, हात धुऊन या.
तीनदा धुतले.

"मग मनात आलं,
एक तरी जागा असू दे नाव नीट असलेली."

मी कोरणी घेतली. एक रेघ खरवडली, एक बाक वळवला.
बहिणीच्या मंगळसूत्रालाही
इतका वेळ लावला नव्हता मी.

त्यानं कडेवरून अंगठा फिरवला. कळलं नाही.
मग खालच्या ओठानं चाचपलं, दोनदा,
बाळाची पेज निवाली का बघतात तसं.
"आयलो," म्हणाला. "पागी आयलो."

मजुरी वीस रुपये. घेतली.
फुकट नेणारा नव्हे तो.
चांदीचा कीस मात्र ब्रशनं गोळा केला
(सोनाराकडे फुंकर मारत नाहीत)
आणि पुडी बांधून दिली: "हा तुमचा ज."

पदकं रुमालात गेली, पुडी वरच्या खिशात.
"हो तिचो," एवढंच.

बेतूलची बस पावणेबाराला.
थांब्यावरचा बाक रिकामा होता,
तो उन्हातच उभा राहिला,
खिशावर हात ठेवून.