खल्फानची चार मिनिटं

फलज आटला नव्हता.
नुसता बारीक झाला होता, तापातून उठलेल्याच्या मनगटासारखा,
आणि मग गावात सगळ्यांनाच मोजायचं सुचलं.

पाळ्या लावणं माझं काम, बापाकडून आलेलं.
दिवसा काठीची सावली, रात्री तारे.
टेकाडाच्या माथ्यावर हारिबचा तारा आला
की खल्फानचं दारं बंद, हारिबचं उघडायचं.
चाळीस वर्षं एवढंच.

खल्फानने मस्कतहून घड्याळ आणलं, अंधारात हिरवं दिसणारं.
तीन रात्री पाटावर बसला.
चौथ्या सकाळी मशिदीच्या पायरीवर वही उघडून म्हणाला,
"मुहन्नाकाका, माझी चार मिनिटं रोज हारिबच्या खजुराला जातात."

हारिबचे कान लाल झाले.
कॉफी तीनदा फिरली.
कुणी कुणाच्या लग्नातलं न आलेलं आमंत्रण काढलं,
कुणी आजोबांनी विकलेला अर्धा वाटा.
मी चष्मा शोधत राहिलो. तो नाकावरच होता.

तेव्हा भिंतीपलीकडून झुवैना बोलली,
शेळ्या घेऊन चालली होती:
"माथ्यावरचा तो बसलेल्या उंटासारखा दगड
परवाच्या वादळात ओढ्यात गेला.
तारा आता लवकरच दिसणार की.
कुणी विचारलंच नाही मला."

कुणी विचारलं नव्हतं, खरंच.
मीसुद्धा नाही. माझे डोळे अधू,
आणि तारा चुकेल असं मनातही आलं नाही.

त्या रात्री सगळे वर चढलो.
हारिब दगड उचलायचा, दुसरे रचायचे,
खालून खल्फान बॅटरी हलवून ओरडायचा,
"अजून एक! अजून! थांबा, उतरवा तो!"
झुवैना म्हणाली, उंटाची मान एवढी लांब नव्हती.
पहाटेपर्यंत आम्ही डोंगर पुरुषभर उंच केला.

राहिली गेल्या दोन वर्षांची मिनिटं.
त्यांचा हिशेब अजून संपलेला नाही.
एक पाळी हारिब दर उन्हाळ्यात सोडतो,
खल्फान कधी घेतो, कधी
मदरशापुढच्या लिंबांकडे वळवतो, आणि वाद
दर शुक्रवारी थोडा थोडा चालतो, कॉफीबरोबर.

एक सांगायचं राहिलं.
रचताना एक दगड जास्तच झाला असावा.
तारा आता जरा उशिरा येतो,
श्वास दहा-बारा वेळा घ्यावा एवढा.
तेवढं पाणी खल्फानकडे जातं.
त्याच्या घड्याळाला ते कळलं असणार.
वहीत मात्र काही लिहिलेलं नाही.