घास

शंभर बिया मोजल्या,
ओलवलेल्या काडेपेटीच्या काडीनं, एकेक.
बी केवढं?
कुणी काजू कोरायला घ्यावा
आणि मुंगीच्या मापानं कोरावा, तेवढं.

स्टीलच्या दोन ताटल्या, तळाशी ओला टीपकागद.
एकीत विहिरीचं पाणी,
दुसरीत भूपालअण्णांच्या बोअरचं,
ज्या पाण्यानं त्यांच्या चहाची किटली
आतून पांढरी झालीय.

मी डेअरीत फॅट काढते, सकाळ-संध्याकाळ.
अण्णांच्या म्हशीचा आकडा तीन महिने उतरत गेला
तेव्हा मीच म्हणाले, अण्णा, थोडा घास लावा.
ते म्हणाले, हितं? बघ की रानाकडं.

समडोळीचं रान, वारणेच्या अंगाचं.
ऊस वर्षानुवर्षं पाणी पीत राहिला
आणि जमिनीनं शेवटी
गिळलेलं मीठ वर आणलं.

तिसऱ्या दिवशी विहिरीच्या ताटलीत
एकाहत्तर शेपट्या.
आधी मूळ येतं. आधी खालची चौकशी.
बोअरच्या ताटलीत एकोणीस,
त्यांचीही टोकं तपकिरी,
गरम चहानं जीभ पोळावी तशी.

आठव्या दिवशी विहिरीच्या सत्त्याहत्तर झाल्या,
नऊ कुजल्या.
आणि चौदा जशाच्या तशा.
कुजलेली बी दाबली की पिठूळ होते.
या चौदा नखाखालून सटकायच्या.
अण्णा म्हणाले, टाक की गं, मेल्यात त्या.
मी नाही टाकल्या.
पाट्यावर चिमूटभर वाळू घेतली
आणि हलक्या हातानं घासल्या, फार नाही,
पाणी आत शिरेल एवढाच ओरखडा.
घासाचं बी घासलं, म्हशीच्या घासासाठी.
भाषेलाही कधी कधी
एकाच शब्दावर दिवस काढायचा असतो.
दुसऱ्या सकाळी बारा फुगल्या.
दोघी अजून दगड.

कार्तिकात वाफे पाडले.
गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवून बियांना चोळले,
सावलीत पसरले,
आणि सावलीतूनच मुंग्यांनी मूठभर नेलं.
मी सांगितलं होतं, अर्धं पेर खोल, त्याहून खाली नको.
पण अण्णांचा हात ज्वारीच्या सवयीचा.
पहिले दोन वाफे त्या हातानं गेले.
एवढंसं बी,
डब्यात एकाच जेवणाची शिदोरी,
उजेडापर्यंतची वाट त्याला पुरली नाही.

तिसऱ्यात पाटाचं पाणी जोरात सुटलं,
मग ऊन पडलं, माती वर पापडासारखी आवळली.
खाली अंकूर मान वाकवून उभे,
दार ठोठावायला हात नसलेल्या पाहुण्यांसारखे.
अण्णा खुरपं घेऊन निघाले.
कलाक्कानं अडवलं.
तिन्हीसांजेला झारी घेऊन ती वाफ्याच्या कडेनं फिरली,
पापडी मोडली नाही, नुसती ओलवली.
दोन दिवस, चार झाऱ्या.
तिसऱ्या सकाळी हिरवं,
अंगावर काटा यावा इतकं बारीक.

दोन दलं उघडली.
मग पहिलं पान आलं, एकटंच.
तीन-तीन पानांचं हे कुळ,
पण थोरलं एकटं येतं, गोलसर, जरा भांबावलेलं.
त्याच्या मागून मग तिघं तिघं.
कलाक्का म्हणाली, आमच्या घरातबी असंच झालं.
कुणाबद्दल, ते विचारलं नाही मी.

बांधावरच्या वारुळापाशी
मुंग्यांनी पेरलेली तीन रोपं आहेत.
ओळ नाही, माप नाही,
सगळ्यांत जोमदार तीच.

फॅटच्या वहीची मागची पानं मी घासाला दिलीत.
तारीख, पाणी, किती उगवलं.
पाचवा वाफा चराच्या तोंडाशी आहे, पांढरा.
तिथं दोनदा पेरलं, विहिरीचं पाणी कावडीनं घातलं.
अण्णा हल्ली त्या वाफ्यावरून पाय देऊन जात नाहीत,
वळसा घालतात.

वहीत त्याच्यापुढं
मी शून्य लिहिलेलं नाही.
जागा सोडलीय.
त्या दोन दगडी बियाही
काडेपेटीतच आहेत, काड्यांच्या बाजूला.
हलवली की आवाज येतो.