वादी

कोरड्या नदीला इथं वादी म्हणतात.
आपल्याकडे वादी कोर्टात उभा असतो
कागद घेऊन: वाट माझी, वहिवाट माझी.
अकरा वर्षं इब्रामध्ये गाड्यांची वायरिंग करतोय.
मला आता हे दोन शब्द वेगळे वाटत नाहीत.
ती येते वर्षा-दोन वर्षांनी, तारखेला,
आणि रस्ता नेमका तिच्या जागेत आडवा पडलेला असतो.

गुरुवारी इथं थेंब नव्हता.
गॅरेजच्या पत्र्याखाली आम्ही घाम पुसत होतो.
पाऊस पडला डोंगरात, चाळीस किलोमीटर वर,
जिथं शेळ्या राहतात आणि दगड,
आणि दगड पाणी पीत नाहीत.

शनिवारी क्रेननं दिलावर मुकादमचा पिकअप आणला.
बंपरात बाभळीसारखी एक काटेरी फांदी,
तिला कुणाचीतरी चप्पल.
सैफनं विम्याचा फॉर्म पुढं केला. नुकसानीचं कारण,
त्यापुढं एक ओळ. एकच.

मी दार उघडलं.
गियर दुसऱ्यात, म्हणजे घाई नव्हती.
काच चार बोटं खाली, तिथंच मोटर जळालेली.
आणि हँडब्रेक ओढलेला.

हँडब्रेकपाशी मी थांबलो.
बराच वेळ.
म्हणजे चाकं जमिनीवर आहेत असं त्याला वाटत होतं.
गाडी सरकतेय ती उतारानं, आता रोखू,
असं वाटत होतं.
खाली तर रस्ताच उरला नव्हता.

मागं पाण्याचे रिकामे जार, चोवीस.
झाकणं घट्ट, दोरीची गाठ त्याहून घट्ट,
कारण हरवलेल्या जारामागे कंपनी अर्धा रियाल कापते.
चोवीस जारांनी मिळून पिकअप उचलला,
हलकेच, लग्नात नवरदेवाला उचलतात तसा.
एक जरी सुटा असता
तरी छातीशी धरून माणूस काठाला लागला असता.
एकही जार हरवला नाही.
मी मोजले.

लोक म्हणतात, पाणी दिसत असताना घातलीच कशाला?
पुढची लँड क्रूझर गेली होती म्हणून.
ही फरशी त्यानं तीनशेदा ओलांडली होती म्हणून.
फोनवर इशारा आला होता, अरबीत.
मदरशात शिकलेला दिलावर
अक्षर न् अक्षर वाचू शकायचा, जेर-जबरसकट,
अर्थ तेवढा कुणी शिकवला नव्हता.

आणि तो खेडचा.
जगबुडीच्या काठचा.
नदीचं नावच जगबुडी असलेल्या गावात
पोरं पुराला भीत नाहीत, पूर बघायला जातात.
आषाढात पुलावरून उड्या मारल्यात, सांगायचा,
पाणी आपल्याला कळतं रे.
त्याला कळायचं ते पाणी
चार महिने मुक्कामाला येतं,
आधी गढूळ होतं, मग पायरी पायरी चढतं,
माणसाला ओळख देतं.
इथलं पाणी आलं ते दगड घेऊनच आलं.

रात्री जैतूनभाभीचा फोन आला.
रडणं संपलेला आवाज.
भावजी, तुम्ही गाडी पाहिली ना?
पाणी किती होतं?

फरशीशेजारी लाल-पांढरा खांब आहे.
पोलिसांनी त्यावरची चिखलाची रेघ मला दाखवली होती.
माझ्या गुडघ्याच्या वर, चार बोटं.
गुडघ्याच्या वर चार बोटं
आणि तिकडं अंगणात बसलेली माणसं,
ज्यांनी बाजारपेठेत माडीपर्यंत पाणी पाहिलंय,
ती म्हणतील, एवढ्यात?
पोरगं मोठं होईल, तेही म्हणेल.

पुरुषभर, मी म्हटलं.
पुरुषभर होतं, भाभी. वर थोडं जास्तच.

फॉर्म अजून टेबलावर आहे.
फ्यूजचा डबा उन्हात वाळत ठेवलाय,
त्यातून अधूनमधून
बारीक वाळू गळते.