खिडकी नसलेली खोली

मँचेस्टरच्या विमानतळाच्या पोटात एक खोली होती.
आता तिथे मॉप आणि बादल्या असतात.
मी अकरा महिने बसले तिथे.
फोन बाहेर, लॉकरमध्ये. पेनसुद्धा बाहेर.
नियम असा, की जिला शरीरं दिसतात
तिला माणसं दिसता कामा नयेत,
आणि ज्यांना माणसं दिसतात, त्यांना शरीरं.
चांगला होता नियम.
कोणीतरी विचार करून केलेला.

पडद्यावर करडी माणसं यायची,
हात वर, पाय फाकलेले,
तिंबून ठेवलेल्या कणकेसारखी,
चेहऱ्याच्या जागी धूर.
मी हेडफोनच्या दांडीत म्हणायची: सोडा. सोडा. सोडा.
थांबवा, डावी मांडी.
रुमाल निघायचा.
थांबवा, छाती.
एकदा जपमाळ निघाली, एकदा
आतून शिवलेले दोनशे युरो.

शेजारच्या खुर्चीत क्लाइव्ह ऑर्मरॉड.
पेपरमिंट चघळत तो सगळ्यांना नावं ठेवायचा,
म्हणजे खरोखरचीच नावं:
पिंप. लोंबकळ. मिसेस सपाट.
मी हसायची.
हे मुद्दाम सांगते, कारण पुढे चौकशीच्या कागदावर
मी लिहिलं होतं, मी फक्त ऐकलं.

नोव्हेंबरातला मंगळवार, बेलफास्टचं सकाळचं विमान.
एक करडा माणूस आला, खांद्यात वाकलेला,
पोटाच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा चौकोन.
क्लाइव्ह म्हणाला, डबा आणलाय घरून.
थांबवा, म्हणाले मी. पोट, डावीकडे.
हसू अजून तोंडातच होतं,
ते तसंच तुंडेच्या कानात गेलं.

जेवणाच्या सुट्टीत तुंडेने सँडविच उघडलंच नाही.
पिशवी होती, म्हणाला. आतडं कापलंय त्यांचं.
पडद्याआड नेलं मी. नवे हातमोजे घातले त्यांच्यासमोर.
त्यांनीच शर्ट वर केला आणि सॉरी म्हणाले.
मला. दोनदा.
बहिणीच्या मातीला चालले होते.
विचारत होते, रांगेतल्या लोकांना कळलं का.

मग म्हणाला, नोरीन, तू हसत का होतीस?

किटलीचं पाणी उकळून खटका पडला.
मी किटलीकडे बघत राहिले.

फेब्रुवारीत आम्ही अलिकान्तेला निघालो, नवरा आणि मी.
बूट ट्रेमध्ये, पट्टा ट्रेमध्ये,
पिवळ्या पावलांच्या खुणांवर माझी पावलं.
ड्यूटीचा तक्ता पाठ होता मला.
आत, या क्षणी, क्लाइव्ह.
आणि मला आठवलं ते पॅड,
धाकट्याच्या बाळंतपणापासून लावते ते,
शिंक आली तर म्हणून.
सतरा वर्षं घरातही कळू दिलं नव्हतं.

मी दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

हात वर, मॅडम, म्हणाली ती मुलगी.
चेहरा!
सगळ्या अंगात तेवढाच तर दिसत नाही आत.

तीन सेकंद.
तिच्या कानात कोणी काय म्हणालं
ते मी तिच्या तोंडावर शोधत होते.
तिने सोडलं मला.
ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी होतं तिच्या.
नसेलही.
नवरा पुढे उभा होता, पट्टा लावत, शीळ घालत.

नंतर यंत्रं बदलली.
आता सगळ्यांची एकच आकृती येते, काड्यांची,
लहान मूल काढतं तशी.
क्लाइव्ह पार्किंगमध्ये आहे.
मी हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर. इथे खिडकी आहे.
छत्र्या, कवळ्या, एकेकटे बूट, बाळाचं एक सशाचं खेळणं
जे न्यायला अजून कोणी आलं नाही.

परवा एक म्हातारा टोपी विचारायला आला.
बेलफास्टकडची बोली, खांद्यात वाकलेला.
मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, इतकी,
की तोच अवघडला.

तो नसणारच.
आणि असता तरी मला कसं कळणार?
मी फक्त पोट पाहिलं होतं.

कपाटं दोनदा उपसली. टोपी नव्हती.
सॉरी हं, म्हणाला तो, उगाच त्रास दिला.